नव्या घरात वाळवी कुठून आली: एका जोत्याचा तपास

घर पूर्ण होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. आरसीसीचा सांगाडा, तळमजला आणि वर एक मजला, जोतं जमिनीपासून दोन फूट उंच, तळमजल्याचं आतलं क्षेत्र साधारण ९० चौरस मीटर. मागच्या बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर फरशीपासून वीतभर वर गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसली. घराच्या फाईलमध्ये मात्र बांधकामापूर्वी वाळवीप्रतिबंधक फवारणी केल्याचं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर दहा वर्षांची हमी. त्यामुळे घरच्यांचा पहिला प्रश्न ‘वाळवी मारायची कशी’ हा नव्हता. ‘औषध मारलेलं असताना ती आलीच कशी’, हा होता.

तो प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर औषधाच्या डब्यापेक्षा जास्त कामाच्या क्रमात सापडलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ज्यांचं जोतं अजून उघडं आहे, त्यांना याचा आजही उपयोग होईल.

वाळवीच्या तपासासाठी मला बोलावणं येण्याआधी घरात बरंच काही करून झालं होतं. रेघ ओल्या फडक्याने पुसली, मग रॉकेल लावलं, मग बाजारात मिळणारा कीटकनाशक स्प्रे त्या जागी भरपूर मारला. दोन आठवडे चौकट स्वच्छ राहिली. नंतर तीच माती चौकटीपासून चार हात लांब, प्लायवूडच्या कपाटामागे निघाली. मग घरच्यांची खात्री पटली की वाळवी कपाटाच्या प्लायमधूनच आली असणार, आणि सुतारावर खापर फुटलं.

“अहो, मी रोज पुसते, तरी दोन दिवसांत पुन्हा येते,” काकू म्हणाल्या.

“काकू, आता काही दिवस मुळीच पुसू नका. ती कुठून येते ते तीच दाखवेल.”

हे त्यांना पटायला वेळ लागला, आणि ते साहजिकच होतं. डोळ्यांदेखत चौकट खाल्ली जात असताना हात बांधून बसणं कोणालाही जड जातं. पण मातीची नळी हा तपासातला सगळ्यात मोलाचा पुरावा असतो. जमिनीतल्या वाळवीची कातडी पातळ असते आणि उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती माती, लाळ आणि विष्ठा यांचा लेप देत झाकलेली वाट बांधते आणि त्या वाटेने जमिनीतली ओल सोबत घेऊन वर चढते. वाट पुसली की ती दुसरी बांधते. वर मारलेला स्प्रे बहुधा तिला दूर पळवणाऱ्या जातीचा असतो. त्याने दिसणाऱ्या शे-दोनशे मरतात आणि बाकीच्या भिंतीआडून वळसा घालतात. इथे नेमकं तेच झालं होतं. कपाट दोषी नव्हतं, वाळवीला कपाटाकडे आपणच हाकललं होतं. शिवाय रॉकेल घरात शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण, ते कोणत्याही कारणाने करू नये.

आधी ती वाळवीच आहे ना, हे पाहिलं. लाकूड पोखरणारे भुंगेरे असले की बारीक पीठ पडतं आणि लाकडावर गोल भोकं दिसतात. कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीचा जमिनीशी संबंध नसतो. तिच्या लाकडाखाली खसखशीसारख्या कोरड्या दाण्यांचा ढीग साचतो. इथे दोन्ही नव्हतं, होती फक्त माती. नळीचा मधला इंचभर भाग चाकूच्या टोकाने अलगद काढला, दोन्ही टोकं तशीच ठेवली. आत मऊ पांढुरक्या कामकरी वाळव्यांची धावपळ होती आणि त्यांच्यात पिवळसर डोक्याचे सैनिक. चिमट्याने एका सैनिकाला डिवचल्यावर त्याच्या कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब आला. ही वाळवीच्या कॉप्टोटर्मिस नावाच्या गटाची खूण. तपासाची दिशा या एका थेंबाने ठरली, कारण या गटाला भिंतीत कुठे सतत ओल मिळाली तर ती जमिनीशी संपर्क नसतानाही तिथे ठाण मांडू शकते. म्हणजे नुसता जमिनीचा बंदोबस्त करून भागणार नव्हतं, घरातली ओल शोधणंही तितकंच गरजेचं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो इंचभर तुकडा नव्या, ओलसर, गडद मातीने भरून निघालेला. वाट चालू होती.

चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. वर भरीव आवाज, खालच्या फूटभरात पोकळ. पॉलिश शाबूत, लाकडाची वरची कातडी कागदासारखी, आणि आत मऊ रेषा खाऊन कठीण रेषा पडद्यांसारख्या उभ्या ठेवलेल्या. चौकटीचे पाय फरशीच्या वर थांबलेले नव्हते. सुताराने ते पक्के बसावेत म्हणून फरशीखाली कोब्यात उतरवले होते. ही पद्धत सर्रास दिसते आणि वाळवीला याहून सोयीचं काही नाही. फरशी आणि चौकट यांच्यामधली फट बाहेरून दिसत नाही, आणि जेमतेम दीड मिलिमीटरची फटसुद्धा तिला पुरते.

ओल मोजायच्या मीटरने भिंती तपासल्या. बाहेरची भिंत कोरडी. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधल्या भिंतीत मात्र स्कर्टिंगजवळ काटा एकदम वर गेला. बाथरूमच्या जाळीखाली, नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून, पाणी थेंब थेंब झिरपत होतं. एवढ्या गळतीने खालच्या मजल्याला डाग पडतो, पण इथे खाली मजला नव्हता, जोत्याची भर होती. त्यामुळे कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

वाट आतून कुठे जाते ते कळलं. जोत्यात ती शिरली कुठून, हे शोधायचं राहिलं. इथे घरातल्या मुलाच्या फोनने मोठी मदत केली. बांधकाम चालू असताना तो जाता-येता फोटो काढत असे आणि प्रत्येक फोटोवर तारीख होती. एका फोटोत मुरूम भरून, दाबून तयार झालेलं जोतं औषधाने ओलं, गडद दिसत होतं. त्यानंतरच्या काही आठवड्यांच्या फोटोत त्याच जोत्यात बाथरूमपासून मागच्या भिंतीपर्यंत चर खणलेला, त्यात सांडपाण्याचा पाईप टाकलेला आणि बाजूला उकरलेल्या मातीचा ढीग. पुढच्या फोटोत चर बुजवून वर पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, झालेलं. मधे पुन्हा फवारणी झाल्याचा एकही फोटो नाही, आणि बिलही नाही.

प्लंबरने त्याचं काम केलं. गवंड्याने त्याचं केलं. फवारणीवाला तर आधीच पैसे घेऊन गेला होता. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, पण त्या तिघांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणणारं माणूस साईटवर नव्हतं. वाळवीप्रतिबंधक फवारणी म्हणजे जोत्याच्या मातीत तयार केलेला एक सलग थर. तो उकरला की तिथे थर उरत नाही. वरची औषधवाली माती खाली जाते, खालची कोरी माती वर येते. भारतीय मानक ६३१३ च्या दुसऱ्या भागात, जो बांधकामाआधीच्या उपचारांबद्दल आहे, हे स्पष्ट सांगितलं आहे: एकदा तयार झालेला थर हलवू नये, आणि हलवावाच लागला तर तो लगेच पुन्हा पुरा करावा. पाईप जमिनीत शिरतो तिथे भोवतालची माती मोकळी करून वेगळं औषध द्यावं, असंही त्यात आहे. घरच्यांच्या प्रमाणपत्रात मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती, की फवारणीनंतर माती उकरली गेल्यास हमी लागू नाही. ती ओळ कोणी वाचली नव्हती.

बिलावरून आणखी एक गोष्ट निघाली. औषध लिहिलं होतं क्लोरपायरीफॉस २० ईसी (पाण्यात मिसळायचं वीस टक्क्यांचं औषध), एक टक्का द्रावण, आणि डबा पाच लिटरचा एक. हिशेब असा बसतो. वीस टक्क्यांचं औषध एक टक्क्यावर आणायचं तर एक लिटर औषधात १९ लिटर पाणी. जोत्याच्या भरीवर दर चौरस मीटरला पाच लिटर तयार द्रावण लागतं. ९० चौरस मीटरला ४५० लिटर द्रावण, म्हणजे साडेबावीस लिटर मूळ औषध, आणि तेही फक्त आडव्या पृष्ठभागाला. पायाच्या उभ्या बाजूंना दर चौरस मीटरला साडेसात लिटर, ते वेगळं. पाच लिटरच्या डब्यातून शंभर लिटर द्रावण होतं आणि त्यात वीस चौरस मीटर भागतात. बाकीच्या जोत्यावर एकतर औषध पोचलं नाही किंवा पाणी जास्त घालून ते पातळ केलं गेलं.

हा कमीपणा गंभीर आहे, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. तरीही या घरात वाळवी शिरली ती जागा पाहता मला वाटतं की पूर्ण मात्रा दिली असती तरी चर खणल्यावर तिथे तेच झालं असतं. दोन्ही दोष वेगळे आहेत. मात्रेचा दोष पुढे कधीतरी दुसऱ्या कोपऱ्यातून डोकं वर काढू शकतो, म्हणून उपचार करताना तोही धरावा लागला.

बाहेर मागच्या भिंतीलगत फुलझाडांचा वाफा होता, विटा लावून उंच केलेला. त्याची माती भिंतीला टेकून जवळजवळ जोत्याच्या माथ्यापर्यंत आली होती. वाफा उपसल्यावर सांडपाण्याचा पाईप भिंतीतून बाहेर येतो ते भोक दिसलं. पाईपभोवती विटांचे तुकडे आणि ठिसूळ मसाला कोंबलेला, आणि त्या फटीतून ओल्या मातीची बोटभर रुंद वाट आत गेलेली. आणखी खाली एका जुन्या झाडाचा बुंधा होता. प्लॉट साफ करताना झाड जमिनीलगत तोडलं होतं, बुंधा आणि मुळं तशीच ठेवून वर माती टाकली होती. कुदळीच्या एका घावात बुंध्याचे थर सुटे झाले, आत सगळीकडे बोगदे. त्यातच शटरिंगच्या फळीचे दोन तुकडे आणि एक खुंटी मिळाली. मातीत लाकूड पुरून ठेवणं आणि वर रोज पाणी घालणं, हे दोन्ही घराच्या भिंतीला खेटून चाललं होतं.

इथे काकांनी विचारलं की राणी कुठे आहे, ती मारल्याशिवाय कसं संपेल. हा समज फार जुना आहे. मुख्य वसाहत दहा-वीस मीटर लांब, दुसऱ्याच्या जागेतही असू शकते. तिच्या शोधात अंगण खणत बसण्यात अर्थ नाही. घरात येणाऱ्या वाटेवर असं औषध ठेवायचं की जे वाळवीला जाणवत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि एकमेकींना चाटताना, भरवताना ते इतरांपर्यंत पोचवते. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही या प्रकारची औषधं. बायफेन्थ्रिनसारखी पायरेथ्रॉइड वाळवीला दूर ठेवतात. थर सलग असेल तर तीही चांगली, पण भरलेल्या घरात थर सलग झाला की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, आणि एक फट राहिली तरी वाळवी ती शोधते. म्हणून इथे इमिडाक्लोप्रिड निवडलं.

औषधाला हात लावण्याआधी ट्रॅपचा सांधा दुरुस्त करून घेतला आणि भिंत सुकू दिली. हा क्रम मी आग्रहाने पाळतो. कॉप्टोटर्मिसला भिंतीत पाणी मिळत राहिलं तर खालचं औषध तिला अडवू शकत नाही, ती आधीच वर असते.

मग बेडरूम, पॅसेज आणि बाकीच्या खोल्यांमध्ये भिंत आणि फरशी यांच्या सांध्यावर १२ मिलिमीटरची भोकं, ३०० मिलिमीटर अंतराने, खालच्या मातीपर्यंत. प्रत्येक भोकात एक लिटरपर्यंत द्रावण, मग सिमेंटने बंद. भोकं पाडण्याआधी वायरिंग आणि पाण्याच्या पाईपांचे मार्ग फोटोंवरून फरशीवर खडूने आखून घेतले. बाथरूममध्ये मात्र एकही भोक पाडू दिलं नाही. तिथल्या फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो, तो फोडला तर एक गळती बुजवून नव्या दहा तयार होतील. बाथरूमच्या खालची माती बेडरूमच्या बाजूने आणि बाहेरून गाठली.

बाहेर पाण्याच्या टाकीची बाजू सोडून बाकी सगळ्या जोत्याभोवती ३०० मिलिमीटर खोल चर काढून चराच्या दर मीटर लांबीला सव्वादोन लिटर द्रावण दिलं. उभ्या पृष्ठभागाला साडेसात लिटरच्या हिशेबाने तेवढंच बसतं. बुंधा मुळांसकट काढला, पाईपभोवतीची फट घट्ट मसाल्याने भरली. वाफा पुन्हा तिथे करायचा काकूंचा विचार होता. त्याला नकार द्यावा लागला, आणि कारण फक्त वाळवीचं नव्हतं. इमिडाक्लोप्रिड मुळांवाटे झाडात चढतं आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना घातक ठरतं. औषध दिलेल्या पट्ट्यात फुलझाड नको आणि भाजी तर अजिबात नको. वाफा कुंपणाकडे हलवला. भिंतीलगत दीड फुटाचा सिमेंटचा पट्टा केला आणि त्याच्या वर जोत्याची वीतभर भिंत मोकळी दिसेल अशी ठेवली.

पुढच्या अंगणात जमिनीखाली पिण्याच्या पाण्याची टाकी होती, घराच्या भिंतीला लागूनच. त्या बाजूला द्रावण घातलं नाही. काम करणाऱ्या पोरांचं म्हणणं होतं की टाकी काँक्रीटची आहे, काही होत नाही. पण काँक्रीटला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत-बाहेर होतं, आणि घरातली माणसं तेच पाणी पितात. तिथे आमिषाची केंद्रं बसवली: जमिनीत रोवलेल्या छिद्रांच्या नळ्या, आत लाकडाच्या पट्ट्या, आणि वाळवी लागल्यावर त्या जागी कात टाकण्याची क्रिया बिघडवणारं आमिष. हा मार्ग संथ आहे, परिणामाला महिने लागतात, पण पाण्याजवळ तोच योग्य.

चौकटीचा खाल्लेला भाग कापून नवीन, औषध मुरवलेलं लाकूड जोडलं आणि पाय फरशीच्या वर दगडी तुकड्यावर टेकवले. बाकीच्या चौकटींना भिंतीच्या सांध्यावर ६ मिलिमीटरची तिरकी भोकं, १५० मिलिमीटर अंतराने, त्यात तेलात मिसळलेलं औषध. कपाट वाचलं, फक्त मागची फळी बदलली. काम चालू असताना आणि फरशी पूर्ण सुकेपर्यंत नातवंडं आणि मांजर शेजारी होती.

हमीबद्दल काकांना अजून राग होता. पूर्वी एकदा औषध मारलं की जन्मभर पाहावं लागत नसे, असं ते म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. ऑल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधं मातीत कित्येक वर्षं टिकत. पण तशीच ती अन्नात आणि माणसाच्या चरबीतही टिकत. म्हणूनच २००१ च्या स्टॉकहोम करारात ती जगभरातून हद्दपार करायच्या यादीत आली. आजची औषधं काही वर्षांनी मातीत विरतात. तेव्हा हमीचा कागद घेताना तिच्यात औषधाचं नाव, टक्केवारी, किती चौरस मीटर आणि किती लिटर, हे चार आकडे लिहून घ्यावेत आणि लिटरचा हिशेब समोर उभं राहून डबे मोजून पाहावा. जोतं अजून उघडं असेल तर प्लंबरचे सगळे पाईप आधी टाकून घ्यावेत आणि पीसीसीच्या आदल्या दिवशी फवारणी करावी. पावसाने माती चिंब असताना ती करू नये, कारण औषध मुरत नाही, वाहून जातं. ज्यांना रसायन नको, त्यांच्यासाठी पायाभोवती स्टीलची बारीक जाळी किंवा नेमक्या आकाराच्या दगडी कचाचा थर हे मार्ग आहेत. हवाईत १.७ ते २.४ मिलिमीटरचे बेसाल्टचे कण याच कामाला वापरले गेले: कण इतका मोठा की वाळवीला जबड्यात उचलता येत नाही, आणि कणांमधली जागा इतकी लहान की तिला शिरता येत नाही. पण हेही जोतं भरताना करायचं काम आहे, घर झाल्यावर करता येत नाही.

चौकटीवरची मोडलेली नळी उपचारानंतर पुन्हा भरली गेली नाही. काही आठवड्यांत उरलेली माती कोरडी, भुरकी होऊन हाताने झडू लागली. पुढच्या पावसाच्या सुरुवातीला, दिव्याभोवती पंखांच्या वाळव्या दिसू लागतात त्या दिवसांत, काकू बाहेरचा पट्टा रोज पाहत होत्या. मागच्या कोपऱ्यात मोकळ्या ठेवलेल्या जोत्यावर एक नवी बारीक नळी चढताना त्यांना दिसली. ती पाईपाच्या जागेपासून लांब होती, म्हणजे मात्रा कमी पडलेल्या भागातली असण्याची शक्यता जास्त. घरात शिरण्याआधी सापडल्यामुळे तेवढ्या कोपऱ्यात चर उघडून पुन्हा द्रावण देऊन भागलं. टाकीजवळच्या एका केंद्रात अजून वाळवी लागलेली आहे, तिथलं आमिष ती खाते आहे, आणि ते संपेपर्यंत दर महिन्याला झाकण उघडून पाहणं चालू आहे.